उलटे आटे

उजगरे आले तेव्हा दुकानात
दोन पिको, एक ओव्हरलॉक आणि मी.
"मी शिलाई मशीन दुरुस्त करते, काका."
"स्क्रू तो स्क्रूच," म्हणाले,
आणि मोठ्या रुमालातून काढून काउंटरवर ठेवली
मासे पकडायची रील.
पितळी, मुठीएवढी, काळीठिक्कर.
हँडल अर्धा वळसा जायचं
आणि कण्हून थांबायचं.

दापोडीच्या पुलाखाली आज गळ टाकला
तर हाताला जलपर्णी लागेल, फार तर कुणाची चप्पल.
पण ते सांगतात, पवना मुळेला मिळते तिथं
फॅक्टरीच्या भोंग्याआधी दोन तास
ते आणि गंगावणे,
डब्यात गांडुळं, खिशात पाव,
आणि मांडीएवढे मरळ.
(मांडी कुणाची, ते मी विचारलं नाही.)

गंगावणे जानेवारीत गेले.
सुनेनं माळा आवरताना विचारलं,
"काका, ही तुमचीच ना?"
त्यांची नव्हती.
त्यांनी घेतली.

पाच स्क्रू.
चार झाकणाचे, गंजानं शिवलेले,
पाचवा हँडलच्या मधोमध,
त्याची खाच कुणीतरी चघळलेली,
शेजारी पितळेवर एक लांब ओरखडा,
पाना निसटल्याचा.

इनामदार मिस्त्रींनी मला शिकवलं ते एवढंच:
जोर सगळ्यात शेवटी.
आधी पान्याचं टोक घासून खाचेत बसव,
हलता कामा नये, दातात दात बसतो तसं.
मग रॉकेल आणि मशीन ऑइल, निम्मं निम्मं,
एक थेंब, आणि रात्र.
मग सोल्डरिंगचं तापलं टोक डोक्यावर टेकवून
वीसपर्यंत मोजायचं.
मग छोट्या हातोडीनं टिचक्या,
दाराबाहेरून हाक मारावी तशा.
आणि सोडवायच्या आधी
केसभर आवळायचा.
हे कुणालाच पटत नाही.
आवळला की गंज तडकतो,
बारीक, खारा शेंगदाणा फुटावा तसा आवाज येतो.

सोमवारी एक निघाला. मंगळवारी दोन.
उजगरे रोज यायचे, स्टुलावर बसायचे,
चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे.
बुधवारी चौथा निघाला तेव्हा म्हणाले,
"पाचवा मी खराब केलाय.
ब्याऐंशीत मागून नेली होती, एका रविवारसाठी.
उघडायला गेलो, पाना निसटला.
तशीच त्याच्या ओट्यावर ठेवून आलो.
तो काही बोलला नाही.
मीही नाही.
मग बोलायचंच राहिलं."

बाहेर पाण्याचा टँकर मागे मागे येत होता,
त्याचं ते बिनसुराचं गाणं वाजवत.
मी भिंग लावलं.
चघळलेल्या खाचेखाली, गंजाच्या कडेला,
आट्याची एक रेघ दिसली,
आणि ती भलत्याच बाजूला चढत होती.

पाना उजवीकडे फिरवला.
घड्याळाच्या काट्यासारखा.
स्क्रू निघाला.

"उलटे आटे आहेत, काका.
हँडल फिरवताना सुटू नये म्हणून."
"म्हणजे मी..."
"आवळत होता."
"जेवढा जोर लावला तेवढा?"
"तेवढा."

ते हसले की खोकले, कळलं नाही.
कप खाली ठेवायला जागा शोधत राहिले,
जागा समोरच होती.

आत काय असणार?
ग्रीसचा वाळलेला मेणासारखा गोळा,
नदीची रेती, जेव्हा नदीला रेती होती तेव्हाची,
दात्यात अडकलेला एक खवला,
नखाएवढा. तो ब्रशनं निघेना.
राहू दे, म्हणाले.

धुतली, पुसली, तेल दिलं, झाकण बसवलं.
हँडल सरसर फिरलं,
चाकाची करकर दुकानभर.
पाचव्यासाठी डब्यातला नवा स्क्रू काढत होते,
त्यांनी जुनाच पुढे केला,
आणि पानाही मागून घेतला.

हात थरथरत होता.
दोनदा खाच चुकली.
कुठल्या बाजूला, ते त्यांनी विचारलं नाही,
मी सांगितलं नाही.
खूप वेळ नुसता टेकवून धरला,
मग डावीकडे,
अगदी हळू.